कबुतरांचं वळण

नवा व्हॉल्व्ह तिने पाइपवरून पुन्हा उतरवला, फडक्याने पुसला आणि बाकावर दुसऱ्या नव्या व्हॉल्व्हशेजारी ठेवला.

"आता काय झालं?" डेंटरने हातातला हातोडा न थांबवता विचारलं. गॅरेज दोघांचं होतं. इंजिन तिचं, पत्रा त्याचा, आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचा हक्क दोघांचा सारखाच.

"आवाज तो नाही."

"पहिला तर केवढ्याने फुसकारला! बाहेरचं कुत्रं उठून गेलं."

"फुसकारला. फडफडला कुठे?"

गाडी तिच्या बाबांची होती. बरीच वर्षं ती शेडमध्ये धूळ खात पडली होती आणि मागच्या महिन्यात बाबांनी चावी तिच्या हातावर ठेवली होती, 'बघ, तुझ्याने काही होतंय का.' तिने गाडीला इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब जवळजवळ दुप्पट केला. आता एवढ्या दाबाला पुरेल असा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तेवढा निवडायचा राहिला होता. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की टर्बोने दाबून पाठवलेली हवा इंजिनाच्या बंद झालेल्या दारावर येऊन थडकते. तिला निसटायला वाट द्यायची, एवढंच त्याचं काम. बाकावरचा एक व्हॉल्व्ह ती हवा थेट बाहेर फेकायचा, साऱ्या गावाला सांगत. दुसरा तीच हवा पाइपातून परत टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडायचा, गुपचूप. आत घेतलेली हवा मोजून पेट्रोल देणारं हे इंजिन. मोजलेली हवा बाहेर सांडली की त्याचं गणित चुकतं, गाडी काळा धूर ओकत अडखळते. तेव्हा गुपचूपवालाच योग्य, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. गिऱ्हाइकाची गाडी असती तर चहा गार व्हायच्या आत विषय संपला असता. पण तिला कबुतरं हवी होती.

लहानपणी घर पायथ्याशी आणि शाळा डोंगरावर. पहिलीत असताना तिसरं वळण आलं की तिला हमखास उलटी व्हायची. बाबा गाडी कडेला घ्यायचे, समोरच्या कप्प्यातून कागदी पिशवी काढायचे, पाठीवरून हात फिरवत उभे राहायचे. पुढे पुढे तर घरातून निघतानाच तिची रडारड सुरू व्हायची. दुसरीत मग कबुतरं आली. वळणाच्या तोंडाशी बाबा पाय उचलायचे आणि बॉनेटखालून फर्रर्र करत अख्खा थवा उडायचा.

"उडाली बघ! कुठे गेली?"

ती खिडकीला नाक लावून दूर आभाळात शोधत बसायची. दिसायची नाहीत, पण पुढच्या वळणावर पुन्हा उडायची. शाळा कधी यायची ते कळायचं नाही. मळमळ कधी गेली तेही कळलं नाही. मोठी झाले तशी गेली असेल, असं ती धरून चालली होती. हा धंदा आपण त्या आवाजापायी धरला, हे मात्र ती कोणालाही बेधडक सांगायची.

दुपारी बाबा आले. पंपघरात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. कुठल्याही गॅरेजात शिरले की आधी भिंतीवरचे पाने मापाप्रमाणे लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते पाने लावू लागले आणि तिने गाडीचा मूळचा व्हॉल्व्ह व्हाइसच्या जबड्यात आवळला.

"तो कशाला उघडतेस?" बाबा वळून म्हणाले. "भंगार आहे ते."

"बघू तर, त्यात काय होतं."

झाकण निघालं, स्प्रिंग निघाली. स्प्रिंगखाली तीन वॉशर होते. कंपनीचे नव्हेत, एकावर एक रचलेले, कडा कानशीने घासून नेमक्या मापाला आणलेले. त्यांच्यामुळे स्प्रिंग इतकी आवळली गेली होती की व्हॉल्व्ह उघडणं शक्यच नव्हतं. ती बघतच राहिली. म्हणजे हवेला वाटच नव्हती. हवा मागे फिरून टर्बोच्या पात्यांवर आपटत होती आणि त्या आपटण्याला आपण कबुतरं म्हणत होतो. पोरं हौसेने असला आवाज काढून घेतात आणि पुढे मेलेला टर्बो घेऊन तिच्या दारात येतात. ती त्यांना चांगली फैलावर घेते. सुट्टीच्या दिवशी अंगणात टर्बो उघडून बसलेले बाबा तिला आठवले, आणि आईची भुणभुणही. पुन्हा बिघडला का तो मेला?

"बाबा, हे वॉशर कोणी घातले?"

"मीच. दुसरं कोण हात लावणार?"

"याने टर्बो खलास होतो."

"होतो?" बाबांनी चौदाचा पाना तेराच्या खिळ्याला अडकवला. "झाली असेल चूक. तेव्हा एवढं कुठे कळत होतं!"

डेंटरला राहवलं नाही. "काय काका! अख्ख्या पंपघराचे व्हॉल्व्ह तुमच्या हाताखाली, आणि घरच्या गाडीतच गोची?"

"होतं असं कधीकधी," बाबा हसले.

तिला ते हसू बघवेना. नट किती आवळायचा हे तिला या माणसाने शिकवलं होतं. कळत नसेल तर हात लावायचा नाही, म्हणून तिच्या बोटांवर चापट मारणारा हाच. त्याचा हात चुकलेला तिला बघायचा नव्हता आणि दुसऱ्यासमोर तर मुळीच नाही. तिने ते तीन वॉशर खिशात टाकले, गुपचूपवाला व्हॉल्व्ह उचलला आणि बसवला.

"चला, चालवून बघू."

डोंगराचा रस्ता रुंद झाला होता, वळणं तीच होती. चढ लागला तसा बूस्टचा काटा वर सरकला आणि दोघांच्या पाठी सीटला टेकल्या. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी तिने पाय उचलला. बॉनेटखाली कोणीतरी हलकेच सुस्कारा सोडल्यासारखं झालं, बस. गाडी अडखळली नाही, धुराचा मागमूस नाही. काम चोख झालं होतं आणि तिला रडू येत होतं.

"छान बसलाय," बाबा म्हणाले.

तिने नुसती मान हलवली. बाबांनी समोरचा कप्पा उघडला. आत घड्या घातलेल्या कागदी पिशव्या अजून होत्या, पिवळ्या पडलेल्या. त्यांनी वरच्या पिशवीची घडी बोटाने सारखी केली.

"आता मळमळत नाही ना तुला?"

पुढचं वळण आलं. वळताना खिशातले वॉशर तिच्या मांडीला टोचले.

"नाही, बाबा."

"मग झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी कप्पा बंद केला.