कललेली फुलदाणी

“पुन्हा गळली मेली,” फुसाएबाई माझ्याखालचं फडकं पिळताना पुटपुटल्या. मला पुसून त्यांनी कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर माझ्या वाट्याला फूल आलं नाही.

मित्रांनो, मी जपानातल्या बिझेनच्या मातीची फुलदाणी आहे. भाताच्या शेताखालची चिकट माती मळून फुसाएबाईंच्या नवऱ्याने, हेइसुकेंनी, मला घडवलं. आमच्याकडे भांड्याला झिलई देत नाहीत. पाइनची लाकडं रात्रंदिवस जाळायची आणि राख उडून अंगावर बसेल तोच रंग म्हणायचा. भट्टी किती तापली, ते जाळाच्या रंगावरून ओळखायचं. आधी लाल, मग केशरी, शेवटी डोळे दिपवणारा पांढरा.

माझ्या वेळी जाळ पांढरा झाला, तरी हेइसुके लाकडं सारतच राहिले. मी मऊ पडून एका अंगाला कलले आणि शेजारणीला चिकटले. आम्हाला सोडवताना माझ्या कुशीला चीर गेली.

पण आमच्या गावात भट्टीतल्या भांड्याला कोणी वाईट म्हणत नाही. वाकलं, तडकलं, तरी ते आगीचं देणं. शेजारी म्हणाले, “काय डौल आहे हिचा.” हेइसुकेंची मुलगी मियोको म्हणाली, “बाबा, आग जरा लहरीत होती.” मीही सुखावले. पण कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही मला घरी नेलं नाही. मित्रांनो, कोणाला जपायचं म्हणून खोटं कौतुक करू नका. त्यात माणूस फार एकटा पडतो, आणि भांडंही.

संध्याकाळी हेइसुके मला मांडीवर घेतात. बघत नाहीत, नुसती बोटं फिरवतात. चिरेपाशी बोट थांबतं. तेवढीच आम्हा दोघांना सोबत.

काल जेवताना ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात भट्टी पेटवू.”

मियोकोने सूपच्या वाडग्यात तोंड खुपसलं. भट्टी नको म्हणावं, तर भट्टीवाचून बाबा जगायचे कसे, हीच तिला धास्ती. “लाकडं ओली आहेत अजून.”

“वाळतील की.”

“मग थंडी पडेल, बाबा.”

“भट्टीपुढे कसली आलीय थंडी, बये?”

फुसाएबाई उठल्या. मला उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्यांच्याजवळ टेकल्या.

“हिला आगीने नाही वाकवलं,” त्या हळूच म्हणाल्या. “अहो, तुम्हाला आता जाळ दिसत नाही.”