ताईच्या गाडीचा ब्रेक लाइट

गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा छोट्याने स्विच विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावले. दुकानदारही काही कमी नव्हता. "तीन-तीन स्विच एकाच गाडीत जातात, तर पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरतंय," म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

छोट्या चौपन्न वर्षांचा होता. गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती आणि गिऱ्हाइकं त्याला 'मास्तर' म्हणत. छोट्या म्हणणारी आता एकच उरली होती, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतराची. तिने पडदे शिवून त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "लोकांच्या खिडक्या झाकता झाकता वेळच मिळाला नाही."

गाडी तिचीच. चार दारांची, फिक्या पिवळ्या रंगाची, आता पंचेचाळीस वर्षांची. कापडाचे गठ्ठे नेण्यासाठी म्हणून तिने ती जुनीच घेतली होती आणि स्वतःच चालवायला शिकली होती. लोक अशा गाड्या हौसेने पुसून ठेवतात. ताईच्या गाडीत मागच्या सीटवर पडद्याच्या कड्या आणि दोऱ्याची रिळं घरंगळत असायची.

या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच पेडलजवळ नसतो, ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो. पाय दाबला की ऑइलचा दाब वाढतो, त्या दाबाने स्विचमधल्या पट्ट्या टेकतात आणि मागचे लाल दिवे लागतात. हे स्विच बेभरवशाचे. आज चालतील, उद्या रुसतील. त्यामुळे ताई पहिल्यांदा आली आणि म्हणाली, "मागचा ट्रकवाला ओरडत होता, तुमचे दिवे लागत नाहीत म्हणून," तेव्हा छोट्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"हे स्विच असलेच असतात ताई. अर्ध्या तासाचं काम आहे."

त्याने स्विच बदलला, नळीतली हवा काढली, सीटवर बसून दहा वेळा ब्रेक दाबला. मागच्या पांढऱ्या भिंतीवर दहाही वेळा लाल उजेड पडला. पंधरा दिवसांनी गाडी परत. या वेळी त्याने नव्या स्विचसोबत एक रिलेही जोडली, म्हणजे दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून जायला नको आणि पट्ट्या जळायला नकोत. महिन्याने पुन्हा तेच. मग त्याने भंगारातल्या गाडीवरचा जुन्या घडणीचा, दणकट स्विच शोधून आणला. तो काढून बसवताना ब्रेक ऑइलने त्याचे हात कोपरापर्यंत माखले.

दहा दिवसांनी ताई आली ती मागचा बंपर आत गेलेली गाडी घेऊन. एक व्हॅन येऊन धडकली होती. ताईची मान आखडली होती, बाकी काही नाही. व्हॅनवाला एकच वाक्य घोकत होता म्हणे, "बाई, मला कळणार कसं तुम्ही थांबताय ते?"

छोट्याने ताईला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गाडीत बसला. दाबला ब्रेक. दिवे लागले. पुन्हा दाबला, पुन्हा लागले. वायर हलवून पाहिली, इंजिन तापवून पाहिलं. दिव्यांचं काही चुकत नव्हतं.

"मी चालवते तेव्हाच नाटकं करते ती," ताई म्हणाली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतक्या वेळा गाडी आली, पण दर वेळी ब्रेक त्यानेच दाबून पाहिला होता.

"तू बस बरं आत. मी मागून बघतो."

ताई उठून गाडीत बसली. तो मागे जाऊन दिव्यांसमोर उकिडवा बसला.

"दाब."

दिवे विझलेलेच.

"दाब ना ताई."

"दाबलाय."

"जोरात दाब जरा."

बराच वेळ काही झालं नाही. मग डावा दिवा, उजवा दिवा, दोन्ही क्षणभर मिणमिणले आणि गेले.

"छोट्या, दाबलाय म्हणते ना मी," ती आतून म्हणाली. तिचा आवाज धाप लागल्यासारखा येत होता.

तो उठून दारापाशी आला. ताईने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अंग मागे रेटलं होतं. उजवा पाय पेडलवर होता, पण नुसता ठेवल्यासारखा. चपलेचं टोक झिजून पार पातळ झालं होतं, डाव्या चपलेचं मात्र जसंच्या तसं होतं. पाय फरफटत चालणाऱ्याची चप्पल अशी झिजते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तो तिथेच दाराशी खाली बसला.

"किती दिवस झाले?"

"पाच-सहा महिने. एका घरी पडदे लावायला गेले होते, पायरीवर अडखळले. मग मशीनचं पेडल डाव्या पायाकडे सरकवलं. चालतंय तसं."

"आणि मला स्विच बदलायला लावत होतीस?"

ताई समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

"तू म्हणालास ना, हे स्विच बेभरवशाचे असतात म्हणून. ते ऐकून मला बरं वाटलं होतं."

त्यानंतर डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. पायात सुया टोचून झाल्या, नळकांड्यासारख्या यंत्रात झोपवून झालं. छोट्या प्रत्येक वेळी सोबत होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की स्नायूंना हालचालीचा निरोप पोचवणाऱ्या नसा हळूहळू मरताहेत. आज पाय, पुढे आणखी काही. किती वेगाने ते सांगता येत नाही.

"मग त्या नसा..." छोट्या म्हणाला, "म्हणजे त्या बदलता वगैरे..."

विचारतानाच त्याला कळलं आपण काय विचारतोय ते. बाई हसल्या नाहीत. "नाही बदलता येत," एवढंच म्हणाल्या. ताईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी दवाखान्यात ठेवायची तसा. आजारी ती, आणि धीर देणारीही तीच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना ताई म्हणाली, "पेडललाच लावतात तसा एक स्विच असतो ना? नुसता पाय टेकला तरी लागणारा?"

"असतो."

"मग तो बसव."

"दिवा लागेल ताई. गाडी थांबणार नाही."

"मागच्याला तरी कळेल मी थांबायचा प्रयत्न करतेय."

त्याने नाही म्हटलं. उभ्या आयुष्यात ताईला नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. किल्ली मागून घ्यायचं धाडस त्याच्यात नव्हतं, आणि तिच्या अंगणात गाडी उभी दिसेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. सकाळी एक फेरी, दुपारी एक. काय करशील गाडी तिथे नसेल तर, असं बायकोने विचारलं, तरी त्याच्या फेऱ्या चालूच राहिल्या.

नवव्या दिवशी ताईने किल्ली त्याच्या बायकोच्या हाती पाठवून दिली. निरोप काही नव्हता.

त्या दुपारी छोट्याने गाडी गॅरेजमध्ये आणली आणि पेडलला नवा स्विच बसवला. कोणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पट्टी कापून वाकवली, भोकं पाडली, स्क्रू आवळले. बोटाने पेडलला नुसता धक्का दिला तरी भिंत लाल होत होती. तो कितीतरी वेळ तसा धक्का देत बसला.

पुढे ताई त्यांच्याकडेच राहायला आली. शिलाईचं काम सुटलं, पण रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "हात शाबूत आहेत माझे, फुकटचं खाणार नाही," म्हणत ती काठी टेकत गॅरेजमध्ये यायची आणि वायरींची टोकं सोलून द्यायची. तिचं काम पडद्याच्या शिवणीसारखंच, सगळी टोकं एका मापाची. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. "मास्तरला नीट बघू द्या, घाई करू नका, लहान आहे अजून," असं म्हणायची आणि लोक हसायचे.

हे चार महिने चाललं. मग एका सकाळी तिच्या हातातली पक्कड खाली पडली. तिने उचलली, पुन्हा वायर धरली. पक्कड पुन्हा पडली. छोट्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. त्याने आवाज ऐकला, पण मान वर केली नाही. तिने डाव्या हाताने पक्कड उचलून टेबलावर ठेवली आणि बोटं मांडीवर पसरून त्यांच्याकडे पाहत बसली.

"चहा टाकू का ताई?" त्याने विचारलं.

"टाक."

तो मागे गेला, चहा केला. तिच्या कपात त्याने अर्धाच ओतला. कप समोर ठेवला तेव्हा तिने आधी त्याच्या कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"पूर्ण भर," ती म्हणाली.

त्याने भरला. तिने दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा तिच्या मांडीवर. छोट्या हातात फडकं घेऊन उभा होता, आणि ते पुढे करावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.