न वाजणारी घंटा

महिनाभर आमच्या रिचमंड हिलच्या घरात एक घंटा वाजत नव्हती, आणि तिच्या न वाजण्यानं माझी झोप उडाली होती. माझ्या नवऱ्यानं, रिटायर्ड इंजिनिअर दिलीपनं, बेसमेंटमध्ये अगदी सुरुवातीच्या काळातल्यासारखा बिनतारी संच बनवला होता. एका टोकाला ठिणगी पाडायची. तिच्या लहरीनं दुसऱ्या टोकाच्या काचेच्या नळीतला धातूचा कीस एकमेकांना चिकटतो, वीज वाहते आणि घंटा वाजते. वाजली तर. दिलीप रोज नळी उघडून कीस बदलायचा आणि माझ्यावर डाफरायचा.

आमची लेक गौरांगी वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही घर विकून कॉन्डोत, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये जावं, असा तिचा धोशा. बाबांना आता झेपत नाही, असं मला फोनवर सांगायची. शेवटी दिलीप इरेला पेटला: इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, माझ्या व्याख्यानात घंटा वाजली नाही, तर बेसमेंट रिकामं करतो, घर विका. हा माणूस दिलेला शब्द पाळतो, हीच तर पंचाईत.

कार्यक्रम फेब्रुवारीत. हीटिंगनं हॉलची हवा कोरडी ठणठणीत. व्याख्यानाआधी सत्कार हवाच. अध्यक्ष यशोधननी दिलीपला लोकरी शाल पांघरली, नारळ देताना बोटाला बोट लागलं, दोघांना चटका बसला आणि टेबलावरची घंटा खणखणली. टाळ्या पडल्या. मी शेजारी बसलेल्या गौरांगीकडे बघून मान ताठ केली.

दिलीपनं नळीला टिचकी मारून चिकटलेला कीस सुटा केला आणि घंटा थांबवली. गप्प बसावं की नाही!

"टाळ्या नकोत," तो माइकवर म्हणाला. "माझा ट्रान्समीटर अजून बंद आहे. ही घंटा शालीच्या ठिणगीनं वाजली."

मग त्यानं बटण दाबलं. घंटा गप्प. पुन्हा दाबलं. कुणीतरी खोकलं. मला त्याचा असा संताप आला की उठून जावंसं वाटलं.

उठली गौरांगी. सरळ स्टेजवर गेली.

"बाबा, वेट. म्हणजे रिसीव्हर वर्क करतोय. तुम्ही महिनाभर चुकीचं टोक रिपेअर करत होता."

दिलीप पडेल आवाजात म्हणाला, शब्द म्हणजे शब्द, बेसमेंट रिकामं करतो.

"ते नंतर. आधी ट्रान्समीटर उघडा."

व्याख्यान झालंच नाही. लोक चहाला गेले. बापलेक टेबलावर वाकून तावातावानं भांडत राहिले. अलीकडे ती त्याची नुसती समजूत काढायची. आज भांडत होती. मला इतका आनंद झाला की दोघांना चहा नेऊन द्यायचंही सुचलं नाही.