पोटरीवरची रेघ

"पाय गरम आहे, सर," मी फोनवर सांगितलं. स्वानंद सरांनी सलाइनमधून जाणाऱ्या, हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा वेग कमी करायला सांगितला.

चार वर्षांची मोनाली, केळापूरकडची. काल कापसाच्या ढिगावर खेळताना विंचू चावला आणि विष हृदयावर गेलं. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, ते सर इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर मोजतात. मधला वेळ माझ्या बोटांचा. दर तासाला तळव्यापासून वर हात न्यायचा आणि गारवा संपेल तिथे बॉलपेनने रेघ मारायची. हृदय थकलं की रक्ताची एसटी शेवटच्या गावाला जात नाही, फाट्यावरूनच परत फिरते. सव्वीस वर्षं नर्स म्हणून मी या रेघा मारतेय. दुपारी पडदे ओढले की डोळ्यांपुढे नुसते पाय येतात, लहान लहान, उघडे, पार राळेगावच्या रस्त्यापर्यंत रांगेने गेलेले. त्यांच्यामागून मीही कुठेतरी चालत असते.

अर्ध्या तासाने मोनालीची नाडी बोटांखाली विरायला लागली. तिचा उजवा पाय सलाइनसाठी फळीला बांधलेला होता. चादर सारून हात लावला, तर गुडघ्यापर्यंत गार. डावा मात्र उबदार, चोळून लाल झालेला.

"गंगी, पायाले हात लावला काय तू?" मी तिच्या आईला विचारलं.

"गार लागून राह्यले होते, बाई. पाह्यवलं नाही मले. इकडचा चोळला. तिकडचा बांधेल व्हता."

असा संताप आला की काय सांगू! पण एकच पाय बघून फोन मीच केला होता. तिनं आईचं काम केलं होतं, माझं मी केलं नव्हतं.

"सर, चूक माझी. एकच पाय पाहिला. पोरगी गार आहे."

"वेग पहिल्यासारखा करा, सत्यशीलाताई. मी आलोच."

इकोचा आकडा सकाळपेक्षा खाली आला होता.

"आता हात लावू नोको," मी गंगीला म्हटलं. "ऊब तिच्या आतूनच आली पाह्यजे."

ती खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बस म्हटलं, बसली नाही. ऊन कलत गेलं, पडदा पिवळा झाला, आणि रेघ अगदी सावकाश, पाण्यातून चालल्यासारखी, पोटरीवरून घोट्याकडे उतरली. मी दोन्ही पाय पाहिले. पुन्हा पाहिले. इकोचा आकडाही चढला होता.

"लाव हात, गंगी."

"नोको, बाई. माह्या हातानं गरम होईन, अन् तुमी पुन्हा फसान."

मला रडू आलं. मी तिची बोटं दांड्यावरून सोडवली आणि मोनालीच्या तळव्यावर ठेवली. हात गारठून गेले होते गंगीचे.

पोरीनं झोपेतच पाय आखडून घेतला.