बंद कर म्हटल्यावरही

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावेन एवढा, पण एके काळी भलताच तोऱ्यात असायचो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले आणि मी ते जसेच्या तसे ऐकवले. तेव्हापासून आपल्यासारखे कान कोणाचेच नाहीत, असा माझा समज झाला.

मला विकत घेतलं एका संशोधक ताईने. आफ्रिकेतल्या गावांचा कारभार कसा चालतो आणि विकासाच्या योजना तिथे कुठे अडतात, यावर ती प्रबंध लिहीत होती. मला घेऊन ती कितीतरी कचेऱ्यांत बसली. साहेब लोक तासभर बोलायचे आणि हाती काही लागायचं नाही. मग एका गावात पाणी समितीतल्या मावशी भेटल्या. त्यांनी आधी मला बंद करायला सांगितलं. माझं बटण जरा वेळ दाबून धरावं लागतं. ताईने घाईत नुसतं बोट टेकवलं आणि मला पालथं ठेवलं. मग मावशी मोकळेपणाने बोलल्या. पंपाची किल्ली अध्यक्षांच्या घरी असते, त्यांचं शेत भिजल्याशिवाय गावाला पाणी सुटत नाही. मी सगळं टिपत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला ऐकायची गोडी लागली होती.

खोलीवर आल्यावर ताईला माझ्यात ते बोलणं सापडलं. ती बराच वेळ नखं खात बसली. शेवटी तिने मावशींचं नाव गाळलं, 'समितीतील एका महिला सदस्याच्या मते' असं लिहिलं आणि तो मजकूर आपल्या पहिल्या अहवालात घातला. मार्गदर्शक सरांनी तिची पाठ थोपटली. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

अहवाल फिरत फिरत गावात पोचला आणि मावशींना समितीतून काढलं. ताईने फोन लावला. माफी मागायची सोडून, नाव कुठेच घातलं नव्हतं, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"नाव नव्हतंच गं," मावशी म्हणाल्या. "पण समितीत बाई मी एकटीच होते."

ताईने तो मजकूर प्रबंधात घेतला नाही. माझ्यातलं ते बोलणं तिने पुसलं नाही आणि मला पुन्हा वापरलंही नाही. मी खणात पिना आणि वाळलेल्या पेनांमध्ये पडून आहे. मित्रांनो, मला जपा, माझी धूळ झटका, असं मागायला मला तोंड नाही. पण कोणाचं बोलणं चुकून तुमच्या हाती आलंच, तर ते लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. मावशींचा नंबर ताईकडे पहिल्या दिवसापासून होता.