हंबीररावांचा गट

लगीन झाल्यापासनं मालकांचं नाव मी पयल्यांदा घेतलं ते सांगलीच्या दवाखान्यात, आन् ते बी बोंबलून. उखाणा न्हाई, लाजणं न्हाई. कारकून म्हणाला, "पेशंटचं नाव?" सासूबाई स्ट्रेचरमागं पळालेल्या, सांगणार कोण? दोन येळा पदर तोंडात धरला, आन् मग सुटलेच. "हंबीरराव! हंबीरराव! ल्ह्या लवकर, मेल्या!"

आदी काय झालं त्ये सांगते. पासष्टच्या लढाईनंतर दोन वर्सांनी पलूसकडच्या आमच्या गावात सोसायटीची निवडणूक लागली. गावात दोन गट. एक आण्णांचा, एक नानासोंचा. आमचं धनी आण्णांचं, पार डोळं मिटून. घरात मीठ हाय का न्हाई ते ठावं न्हाई, पन कोन कुठल्या गटाचा ते तोंडपाठ! नानासोंनी जीपवर भोंगा बांधल्याला. आण्णांनी बैलगाडी सजवल्याली, आन् तिच्यावर आमचं ध्यान उभं राहून शीळ घालतंय. सकाळच्या पारी मी आन् सासूबाई ओढ्यावर धुणं धूत हुतो, तवर दोनी मिरवणुका तितंच समोरासमोर आल्या. नानासो भोंग्यात असं काय खेकसलं की बैलं बुजली, गाडी पालथी झाली, आन् दांडा धन्यांच्या डाव्या बरगडीखाली बसला.

ते हसतच उठलं. रगताचा एक थेंब न्हाई. "काय न्हाई गं, मुका मार हाय," म्हणालं आन् मटकन खाली बसलं. ओठ पांढरंफटक.

जीपचा डायवर जोतीराम खाली उडी मारून आला. फौजेतनं आल्याला गडी. त्येच्या घरच्यांनी छप्पन साली बुद्ध धम्म घेतला, तवापासनं सासूबाई त्येच्याशी तोंड वाकडं करूनच बोलायच्या. त्यानं मनगट धरलं, पोटाला हात लावला. "वैनी, आत फुटलंय. असली माणसं लढाईत बगितल्यात मी. पाणी पाजू नगा. आडवं घाला आन् जीपमदी चढवा."

"जीप प्रचाराची हाय..." नानासो पुटपुटलं.

"मग करा की प्रचार!" मी म्हणलं, आन् त्येंना ढकलून धन्यांना मागं घातलं. पाय माज्या मांडीवर, डोकं सासूबाईंच्या.

रस्त्यानं उसाच्या गाड्याच गाड्या. जोतीराम वरडला, "नानासो, भोंगा चालू करा!"

"काय म्हणू?"

"म्हणा, सरका!"

आता ह्या माणसाला भोंग्यातनं बोलायची एकच तऱ्हा ठावं. हात जोडून सुरू झालं, "बंधू आन् भगिनींनो, आपला नम्र नानासो तुमास्नी कळकळीची इनंती करतो की... सरका!" तासगावपत्तोर हेच. गाडीवानं बैलं बाजूला घेत्यात, बाया हात करत्यात, एका म्हाताऱ्यानं "निवडून या!" असा आशीर्वाद बी दिला. आन् आमचं धनी त्या तसल्या हालात हसायला लागलं. हसलं की कळ, कळ आली की शिव्या, शिव्या दिल्या की परत हसू. मी रडत हुते आन् हसत बी हुते. येड्यावानीच म्हणा की!

दवाखान्यात डाक्टर तरणा, लगबगीचा. त्यो बी लढाईत काम करून आल्याला. पोट चाचपलं आन् म्हणाला, "पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलीय. आत रक्त साचतंय. पोट उघडून ती काढायची, आत्ताच्या आत्ता. तासभर उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो. पण रक्त चढवावं लागेल. ह्यांचा गट कोणता?"

तवर वाटंतला एक ट्रक धरून आण्णा आन् त्येंची धा-बारा माणसं येऊन पोचलेली. समदी एकदम गरजली, "आण्णांचा!"

"काय? ए?"

"ए न्हवं, आण्णांचा! बापजाद्यापासनं!"

"अहो, रक्ताचा गट विचारतोय मी!"

"रगतातच हाय आमच्या!" आण्णा छाती ठोकून म्हणालं.

डाक्टरनं कपाळावर हात मारला, समद्यांच्या बोटाला टोचून थेंब थेंब घेतला आन् काचंवर तपासला. धन्यांचा गट निघाला 'बी', आण्णांचा 'ए'. त्येंची माणसं कोण 'ए', कोण 'एबी', कामाचा एक न्हाई. मी माजा हात पुढं केला. नर्स माज्या तोंडाकडं बगून हळूच म्हणाली, "बाई, दिवस गेलेत का?" दुसरा म्हयना टळल्याला. कुणाला सांगितलं नव्हतं, धन्यांना बी न्हाई. म्हणलं निवडणुकीचं भूत उतरू दे आदी. मान हलवली. "मग तुमचं नाही चालणार," ती म्हणाली, आन् सासूबाईंनी मागनं ऐकून जो हंबरडा फोडला त्यो पार रस्त्यावर गेला.

जोतीरामनं गळ्यातला फौजेचा बिल्ला काढून दावला. "ओ गट. कुणाला बी चालतंय." बाही वर केली आन् जाऊन झोपला. बाटली भरून आली तशी सासूबाई डोळं पुसत म्हणाल्या, "कुणाचं हाय गं?"

"लाल हाय," मी म्हणलं. म्हातारी उठली आन् सोता जोतीरामला चा घिऊन गेली.

"आणखी एक बाटली हवी," डाक्टर म्हणाला. "बी गटाचा एकच माणूस आहे इथं." आन् नानासोंकडं बगितलं.

नानासोंना घाम. एवढा धिप्पाड बाप्या, सुई बगून भिताडाला चिकटला. "मला... घेरी येती."

माजं डोस्कं फिरलं. "मतं मागायला दारात येऊन दोनी हात जोडता न्हवं? आता एकच हात पुढं करा! तुमच्याच भोंग्यानं बैलं बुजली. माज्या लेकराचा बाप हाय त्यो!"

नानासोंनी डोळं मिटून हात पुढं केला. पाळण्यात घालावं तसं आण्णांनी त्येंना धरून खाटंवर निजवलं. सुई टोचली तवा नानासो बोंबललं, "सरका!"

दोन तासांनी डाक्टर घामाघूम बाहीर आला. "वाचले," म्हणाला. त्यो भोंग्याच्या जीपकडं बगून हसाया लागला. "बाई, उद्या प्रत्येक तालुक्याला अशी गाडी असेल बघा. भोंगा वाजवत येईल, आत जोतीरामसारखा शिकलेला माणूस असेल. आणि प्रत्येक गावात सगळ्यांचे गट आधीच वहीत लिहिलेले असतील." लगेच आण्णा म्हणालं, वही आमच्याकडं ऱ्हाणार. नानासो खाटंवरनं म्हणालं, रगत माजं, वही माजी. जुपलीच! डाक्टर म्हणाला, वही जोतीरामकडं.

तवर कुणीतरी गावात सांगावा धाडल्याला, हंबीररावाचा गट नानासोंशी जुळला म्हणून. गावात ही धूम! नानासोंच्या पोरांनी फटाकं बी उडवलं.

सांजच्याला धन्यांनी डोळं उघडलं. शेजारच्या खाटंवर दंडाला कापूस लावल्यालं नानासो, त्येंना मोसंबी सोलून देत बसल्यालं आण्णा. धनी किती तरी येळ बगत ऱ्हायलं. त्येंना वाटलं, चार-पाच दिस गेलं आसतील.

"शाले," बारीक आवाजात म्हणालं, "कोण निवडून आलं गं?"

"मी आले," म्हणलं. "आन् माज्यासंगट आणिक एक जण. बिनविरोध."

आण्णा-नानासो खी खी करून हसाया लागलं. साऱ्या दवाखान्याला ठावं, ह्येंनाच तेवढं न्हाई. "कोण? कुठल्या गटाचा?" धनी इचारत्यात. मी त्येंचा गार हात उचलला आन् माज्या पोटावर ठिवला. आन् जीपमदल्यावानी मला परत रडू बी फुटलं, हसू बी.