टाक्यातलं पाणी

"अरे मेल्यांनो, बाहेर निघा! प्यायचं पाणी आहे ते!"

बाळा ओरडला खरा, पण ऐकतंय कोण? काठावर स्पीकर ठणाणत होता. पाण्यात पंधरा-वीस जण कंबरेपर्यंत उतरलेले, बाकीचे पाळीची वाट बघत बुटांसकट पाय सोडून बसलेले. एका महाभागाने तर चक्क शाम्पूची पुडी फोडून डोक्यावर फेस केला होता. गडाच्या कातळात खोदलेलं ते टाकं सकाळपर्यंत तळ दिसेल इतकं नितळ होतं. आता त्यात वेफर्सचं पाकीट आणि कुणाचा तरी मोजा तरंगत होता. बाळाने तोंड फिरवलं.

तसा तो घाणीला नाक मुरडणारा माणूस नव्हे. अठ्ठावीस वर्षं मुलुंडच्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्या धुण्यात गेलेली. मेलेली कबुतरं हाताने उचलून तो घरी यायचा आणि आंघोळ करून निवांत जेवायचा. पण साबणाने गुडघ्यापर्यंत पाय धुतल्याशिवाय तो कधी टाकीत उतरला नाही. लोकांच्या तोंडात जाणारं पाणी, त्यात चेष्टा नाही. त्याचा जोडीदार सुबोध आणि तो दर वर्षी पावसाच्या तोंडावर इथे येऊन हे टाकंही तसंच उपसायचे. गडावर झोपडी बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला पिठलं-भाकरी घालणाऱ्या मालनची चूल ह्याच पाण्यावर चालायची.

टाकं निवडुंगाच्या जाळीमागे होतं, आत जायची फट फक्त माहीतगाराला ठाऊक, म्हणून इतकी वर्षं वाचलं. जाळी तोडली कुणी? बाळानेच! त्याची मुलगी ऋतिका हिने गेल्या वर्षी लोकांना डोंगरावर न्यायची कंपनी काढली. "पप्पा, कुणी न बघितलेली एखादी जागा सांगा ना," म्हणाली, आणि ह्याला कोण आनंद! लेक आपल्याला काहीतरी विचारतेय! महिन्याभरापूर्वी कोयता घेऊन त्याने स्वतः वाट मोकळी करून दिली. आज तिच्या साठ माणसांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर पाहुणा म्हणून बसून तो आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

स्पीकर थांबला. ऋतिकाने माईक घेतला. "पब्लिक, एक मिनिट! हे माझे पप्पा. ही जागा ह्यांनी शोधली, वाटसुद्धा ह्यांनीच केली. जोरदार टाळ्या!"

साठ माणसांनी टाळ्या पिटल्या. "काका, झकास!" म्हणून शाम्पूवाल्याने शिट्टी मारली. त्यापेक्षा कुणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं, असं बाळाला वाटलं. तो तिला बाजूला घेऊन गेला.

"काढ त्यांना बाहेर."

"पाच मिनिटं पप्पा. लोक ह्याच्यासाठीच आलेत. जाहिरातीत पोहायचं टाकलंय मी."

"पोहायचं? लाज वाटत नाय तुला?"

"पाणीच तर आहे. जाईल ना वाहून."

"कुठे जाईल? टाकं आहे ते, नदी नाय! पुढच्या पावसापर्यंत हेच पाणी. वाट तोडली त्या दिवशीच तुला सांगितलं होतं गो, इथेच उभं राहून!"

"तेव्हा मी शूट करत होते," ऋतिका म्हणाली. मग हळूच, "सगळ्यांसमोर नको ना, पप्पा."

तेवढ्यात मालन कमरेवर हंडा घेऊन आली. काठाशी थांबली. तिने पाण्याकडे बघितलं.

"बाळादा, ह्या बसवाल्यांनी साठ मानसांचं जेवान सांगितलंय," ती म्हणाली. "पीठ कशानं मळू?"

आणि ती खालच्या झऱ्याकडे वळली. पाव तासाचा उतार, आणि चढाचं तर विचारूच नका. बाळाने तिच्या कमरेवरून हंडा काढून घेतला.

दोन खेपा झाल्या. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला, गुडघे बोंबलायला लागले. मनात स्वतःलाच शिव्या चालल्या होत्या. बाहेरच्यांनी घाण केली तर समजू शकतो, पण दार आपणच उघडून दिलं. लेकीपुढे मिरवायची हौस! तिसरी खेप झोपडीशी पिंपात ओततोय, तोच ऋतिका रिकामी बाटली घेऊन आली. उन्हाने तोंड लाल झालं होतं.

"पप्पा, प्यायचं पाणी आहे?"

बाळाने टाक्याकडे बोट केलं. "तिथलं पी."

तिने वर बघितलं. जन्मल्यापासून बाप तिला असं तोडून कधी बोलला नव्हता. तिचे डोळे भरून आले, पण ती गेली नाही, आणि टाक्याकडे तर मुळीच वळली नाही. मालनने चुलीपुढून उठून पिंपात तांब्या बुडवला आणि तिच्या हातात दिला. ऋतिकाने तो एका दमात रिकामा केला.

मालनने एकदा तिच्याकडे आणि एकदा बाळाकडे बघितलं.

"तुझी पोर हाय ही, बाळादा?"

बाळाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. खोटं बोलायला फार वेळ लागला नसता.

"माझीच," तो म्हणाला, आणि रिकामा हंडा उचलून पुन्हा उताराला लागला.